कोंबडीच्या गाठीपासून कॅन्सरच्या गोळीपर्यंत : पेटन राऊस यांची गोष्ट



एरवी मी इथे प्रोसेसर, बॅटरी, ॲप असल्या गोष्टींवर लिहितो. आजचं मशीन वेगळं आहे. ते तुमच्या-माझ्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत चालू असतं आणि ते समजून घ्यायची वेळ माझ्यावर घरातूनच आली.

माझ्या काकांना रक्ताचा एक कॅन्सर झाला, सीएमएल नावाचा. डॉक्टरांनी रोज एक गोळी चालू केली. काका बरे आहेत, बाजारात जातात, क्रिकेट बघून ओरडतात. एकदा त्यांनी मला गोळीच्या पाकिटातला तो पातळ घडीचा कागद दिला आणि विचारलं, की मोबाईलमधलं सगळं तुला कळतं ना, मग ही गोळी आत जाऊन नेमकं काय करते ते सांग. मी ठोकून दिलं, की कॅन्सरच्या पेशी मारते. काकांनी लगेच विचारलं, मग माझे केस का गेले नाहीत? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कागदावर एक शब्द होता : टायरोसीन कायनेज. तो शोधत शोधत मी मागे गेलो आणि थेट १९०९ सालच्या एका कोंबडीपाशी पोचलो. त्या कोंबडीबरोबर एक माणूस भेटला. त्याचं म्हणणं जगाने मान्य करून त्याला नोबेल द्यायला ५५ वर्षं घेतली. तर चला, त्याचीच गोष्ट बघू.

फुलांवर लिहिणारा मुलगा

पेटन राऊस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला. वडील लवकर गेले. आईचं माहेर टेक्सासमध्ये, तिथे परत जाणं तिला सोपं होतं. पण बाल्टिमोरमध्ये शिक्षण चांगलं मिळेल म्हणून ती तिथेच राहिली. मुलाला निसर्गाचं वेड होतं. तरुणपणी तो तिथल्या वर्तमानपत्रात फुलांवर लिहायचा.

पुढे तो जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टरी शिकायला गेला. तिथे शवविच्छेदन करताना क्षयाने किडलेल्या हाडावर त्याचं बोट कापलं आणि त्यालाच क्षय झाला. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. काखेतली गाठ कापून काढली आणि हवापालटासाठी त्याला टेक्सासला पाठवलं. वर्षभर तो तिथे गुरंढोरं राखण्याच्या कामात राहिला. बरा होऊन परतला आणि १९०५ मध्ये डॉक्टर झाला.

पण पेशंट तपासायचं काम आपलं नाही हे त्याच्या लवकर लक्षात आलं. आजार का होतो, हे शोधण्यात त्याला रस होता. मग मिशिगन विद्यापीठ, थोडे दिवस जर्मनीतलं ड्रेस्डेन आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. तिथे कॅन्सरवरच्या संशोधनाची जबाबदारी या तिशीतल्या माणसावर पडली.

ती कोंबडी

त्याच वर्षी कुणीतरी एक प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी घेऊन आलं. अंगावर करड्या-पांढऱ्या पट्ट्या आणि छातीच्या उजव्या बाजूला मोठी गाठ. ती सार्कोमा होती, म्हणजे स्नायू, हाडं यांच्यासारख्या ऊतींमध्ये होणारा कॅन्सर.

राऊस यांनी गाठीचा तुकडा त्याच गोतातल्या दुसऱ्या कोंबड्यांमध्ये घातला. काहींना गाठी आल्या. इथपर्यंत ठीक होतं, कारण जिवंत पेशी घातल्या तर त्या वाढणारच. खरा प्रयोग पुढचा आहे.

त्यांनी गाठ वाटली आणि तिचा रस अतिशय बारीक फिल्टरमधून गाळला. या फिल्टरमधून पेशी जाऊ शकत नाहीत, बॅक्टेरियासुद्धा जात नाहीत. खाली उरलं ते नुसतं पाणीदार द्रव. ते निरोगी कोंबड्यांना टोचलं आणि त्यांनाही तोच कॅन्सर झाला.

याचा अर्थ लक्षात घ्या. पेशीपेक्षा, बॅक्टेरियापेक्षा लहान असं काहीतरी कॅन्सर घडवत होतं. आज आपण त्याला व्हायरस म्हणतो. १९११ मध्ये राऊस यांनी हे छापलं. शीर्षकात त्यांनी व्हायरस हा शब्द टाळला आणि गाठीच्या पेशींपासून वेगळा करता येणारा घटक, एवढंच म्हटलं. माणूस सावध होता.

कुणी ऐकलं नाही

आजच्या भाषेत सांगायचं तर पोस्ट पडली, लाईक शून्य.

त्या काळी कॅन्सर संसर्गाने होतो असं म्हणणं म्हणजे खुळेपणा समजला जायचा. कुणी म्हणे, हा खरा कॅन्सरच नाही. कुणी म्हणे, फिल्टरमधून चार पेशी निसटल्या असतील. सगळ्यात मोठा आक्षेप असा, की कोंबडीचं खरं असेल, पण कोंबडी वेगळी आणि माणूस वेगळा.

राऊस यांनी उंदरांमध्ये असा घटक शोधायचा खूप प्रयत्न केला. सापडला नाही. शेवटी १९१५ च्या सुमारास त्यांनी हा विषय सोडला.

मला इथे थांबावंसं वाटतं. बरोबर असलेला माणूस आपला विषय सोडून देतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालत असेल? ते आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांनी पुढे काय केलं ते मात्र ठाऊक आहे. ते रडत बसले नाहीत, दुसरं काम हातात घेतलं.

रक्ताची बाटली

पहिलं महायुद्ध चालू होतं. जखमी सैनिकाला रक्त द्यायचं तर देणारा शेजारी हवा, कारण काढलेलं रक्त थोड्या वेळात गोठायचं आणि खराब व्हायचं. राऊस आणि त्यांचे सहकारी टर्नर यांनी सायट्रेट आणि साखर यांचं द्रावण बनवलं. सायट्रेटमुळे रक्त गोठत नाही आणि साखर लाल पेशींना जगवते. त्यामुळे रक्त काही दिवस नव्हे, काही आठवडे टिकू लागलं. ऑस्वल्ड रॉबर्टसन या तरुण डॉक्टरने १९१७ मध्ये हेच तंत्र वापरून आघाडीजवळ रक्ताचा साठा तयार ठेवला. आज तुम्ही रक्तदान शिबिरात जाता आणि पिशवी भरून ब्लड बँकेत जाते, त्या सगळ्या व्यवस्थेची ही सुरुवात.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक युक्ती काढली. ट्रिप्सिन नावाचं पाचक रसायन वापरून ऊतीतल्या जिवंत पेशी सुट्या करायच्या. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही पेशी वाढवताना ट्रिप्सिन वापरतात. त्यानंतर ते यकृत आणि पित्ताशय यांच्या अभ्यासाकडे वळले. शिवाय वैद्यकातल्या एका मोठ्या संशोधन-पत्रिकेचं संपादन त्यांनी दशकानुदशकं केलं.

पुन्हा गाठ

१९३३ मध्ये त्यांच्याच संस्थेतल्या रिचर्ड शोप यांना रानटी सशांच्या अंगावर मोठे चामखीळ दिसले. तेही व्हायरसमुळे होत होते. शोप यांनी हे काम राऊस यांच्या हाती दिलं. राऊस यांनी दाखवलं, की या चामखिळांचा पुढे कॅन्सर होतो. म्हणजे कोंबडी वेगळी आणि सस्तन प्राणी वेगळे, हा आक्षेप आता टिकणार नव्हता. मधे जवळजवळ वीस वर्षं गेली होती आणि राऊस पन्नाशी ओलांडून गेले होते.

कॅन्सर एका फटक्यात होत नाही, आधी पेशीत बदल होतो आणि नंतर दुसरं काहीतरी त्याला चालना देतं, हा विचारही त्यांनी याच काळात पुढे आणला.

नोबेलसाठी त्यांचं नाव पहिल्यांदा सुचवलं गेलं १९२६ मध्ये. मिळालं १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. वैद्यकाच्या नोबेलमध्ये एवढ्या वयाचा विजेता दुसरा नाही. गंमत बघा, त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना १९६३ मध्येच नोबेल मिळून गेलं होतं. सासऱ्यांचा नंबर तीन वर्षांनी लागला.

आणि आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त विचारात पाडते. ज्यांना ५५ वर्षं लोकांनी ऐकून घेतलं नाही, त्यांनी नोबेलच्या भाषणात स्वतः एक नवी कल्पना झिडकारली. आपल्याच पेशीतल्या जीन्समध्ये बिघाड होऊन कॅन्सर होतो, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांचं हे म्हणणं चुकीचं ठरलं. आणि ते चुकीचं ठरवलं त्यांच्याच व्हायरसने.

राऊस १६ फेब्रुवारी १९७० ला न्यूयॉर्कमध्ये वारले, नव्वद वर्षांचे होऊन.

व्हायरसचं पुढचं आयुष्य

जेमतेम चार महिन्यांनी, जून १९७० मध्ये, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करून एक एन्झाइम जाहीर केलं. ते आरएनएवरून डीएनए बनवतं. त्याचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. टेमिन यांनी ते राऊस यांच्याच कोंबडीच्या व्हायरसमध्ये पकडलं. कोरोनाच्या वेळी नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर टेस्ट केली ना, त्यातलं आरटी म्हणजे हेच.

मग शास्त्रज्ञांनी व्हायरसमधला कॅन्सर घडवणारा जीन शोधला. सार्कोमावरून त्याचं नाव पडलं सार्क. (देशांच्या सार्क परिषदेशी संबंध नाही बरं का.) १९७६ मध्ये बिशप, वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं, की हा जीन मुळात व्हायरसचा नाहीच. निरोगी कोंबडीच्या पेशीत तो आधीपासून असतो. व्हायरसने तो कधीतरी उचलला आणि बिघडलेल्या रूपात सोबत नेला. तुमच्या-माझ्या पेशीतही त्याचा भाऊ आहे. म्हणजे राऊस यांनी जे नाकारलं तेच खरं निघालं : कॅन्सरचं बी आपल्याच जीन्समध्ये असतं. बिशप आणि वार्मस यांना याबद्दल १९८९ मध्ये नोबेल मिळालं.

सार्क करतो काय?

सार्कचं प्रोटीन हे कायनेज आहे. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेटचा छोटा तुकडा चिकटवणारं एन्झाइम. हा तुकडा म्हणजे पेशीतलं नोटिफिकेशन समजा. तो चिकटला की ते प्रोटीन जागं होतं आणि पुढच्याला निरोप देतं. असं करत करत पेशीच्या पडद्यापासून केंद्रकापर्यंत हुकूम पोचतो : वाढ, विभागणी कर. सार्क हा तुकडा टायरोसीन नावाच्या जागेवर चिकटवतो. म्हणून टायरोसीन कायनेज. काकांच्या कागदावरचा शब्द!

निरोगी सार्कला एक शेपटी असते. ती वळून त्याला बंद ठेवते, स्क्रीन लॉक असल्यासारखी. काम असेल तेव्हाच लॉक उघडतं. व्हायरसमधल्या सार्कची ती शेपटीच गेलेली असते. लॉक नाही, म्हणून नोटिफिकेशन थांबतच नाही. पेशीला सतत एकच हुकूम, वाढ, वाढ, वाढ.

पाठराखीण

आता आजचा मुख्य मुद्दा.

प्रोटीन तयार होतं तेव्हा ती नुसती लांब साखळी असते. तिची नीट घडी पडली तरच ती काम करते. पेशीत एवढी दाटी असते की घडी चुकण्याची, साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होण्याची भीती कायम असते. म्हणून पेशीत मदतनीस प्रोटीन असतात. त्यांना शॅपेरोन म्हणतात. आपल्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत पाठराखीण जाते. नवरी घरात रुळेपर्यंत ती तिला सांभाळते आणि मग परत येते. शॅपेरोनचं काम अगदी तेच. प्रोटीनचा कायमचा भाग न होता त्याला रुळेपर्यंत सांभाळायचं.

हे मदतनीस सापडले तेही योगायोगाने. इटलीचे रितोसा यांनी १९६२ मध्ये पाहिलं, की फळमाशीच्या पेशींना जास्त उष्णता मिळाली की काही ठराविक जीन्स जोरात चालू होतात. उष्णतेने प्रोटीनच्या घड्या विस्कटतात, म्हणून पेशी मदतनीस वाढवते. त्यांतल्या एकाचं नाव एचएसपी-९०. पेशीत हे भरपूर असतं, पेशीतल्या प्रोटीनपैकी साधारण १ ते २ टक्के.

१९८० च्या सुमारास व्हायरसमधला सार्क पेशीतून बाहेर काढणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सार्क एकटा येतच नव्हता. त्याच्यासोबत कायम दोन प्रोटीन चिकटून यायची. १९८१ मध्ये कळलं, की त्यांतलं मोठं प्रोटीन म्हणजे उष्णतेत वाढणारं हेच एचएसपी-९०. धाकट्याचं नाव पुढे सीडीसी-३७ पडलं. ते कायनेजना एचएसपी-९० पर्यंत आणून पोचवतं.

नव्याने बनलेला बिघडलेला सार्क या दोघांच्या हातात असताना गप्प असतो. ते त्याला पेशीच्या पडद्यापर्यंत सांभाळून नेतात. तिथे पोचून सुटला, की त्याचा धुमाकूळ सुरू.

निरोगी सार्कला या मदतीची गरज फारच कमी लागते. बिघडलेला सार्क अस्थिर असतो, सोबत नसली तर त्याची घडी मोडते. म्हणजे ज्या बिघाडाने त्याला मोकाट केलं, त्यानेच त्याला परावलंबीही केलं. आणि पाठराखीण चांगला-वाईट असा भेद करत नाही. जो कच्चा दिसेल त्याला ती हात देते. कॅन्सरची पेशी नेमका याचा फायदा घेते.

१९९३ मध्ये सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने हे यीस्टमध्ये दाखवलं. बिघडलेला सार्क घातला की यीस्ट मरतं. पण यीस्टमधलं एचएसपी-९० कमी केलं, तर सार्कच टिकत नाही आणि यीस्ट जगतं. पुढच्याच वर्षी आणखी एक उलगडा झाला. जेल्डानामायसिन आणि त्याच्या जातीची औषधं सार्कवर थेट मारा करतात असं तोवर वाटत होतं. १९९४ मध्ये दिसलं, की ती सार्कला नव्हे, एचएसपी-९० ला चिकटतात. पाठराखीण हटते, सार्क उघडा पडतो आणि पेशीची कचरा गोळा करणारी यंत्रणा त्याला तोडून टाकते.

सार्क हे एकच उदाहरण झालं. एचएसपी-९० च्या मदतीवर जगणारी शेकडो प्रोटीन आता माहीत आहेत. त्यांत निरोप वाहून नेणारी कायनेज खूप आहेत. म्हणजे हे मदतनीस स्वतः निरोप पाठवत नाहीत, पण निरोप्या जिवंत राहणार की नाही हे त्यांच्या हातात असतं.

मग औषध सोपं का नाही?

मलाही आधी वाटलं, एचएसपी-९० बंद केलं की झालं. पण निरोगी पेशींनाही ते लागतं, त्यामुळे दुष्परिणाम होतात. शिवाय ते बंद केलं की पेशी घाबरून दुसरे मदतनीस वाढवते. अनेक औषधं चाचण्यांमध्ये अडकली ती यामुळेच. त्यांतलं पिमिटेस्पिब हे औषध २०२२ मध्ये जपानमध्ये पोटातल्या एका प्रकारच्या गाठींसाठी मंजूर झालं. वाट अजून लांब आहे.

काकांची गोळी या वाटेने जात नाही. ती पाठराखणीला हात लावत नाही. सीएमएलमध्ये दोन जीन्स चुकून जोडले जातात आणि बीसीआर-एबीएल नावाचं, सतत चालू राहणारं टायरोसीन कायनेज तयार होतं. कायनेजला काम करायला एटीपीची ऊर्जा लागते. गोळी बरोबर त्या एटीपीच्या खाचेत जाऊन बसते. चार्जिंग पोर्टमध्ये काडी अडकवावी तशी. निरोप थांबतो, पेशींची वाढ थांबते. केस वाढवणाऱ्या पेशींना ते कायनेज लागतच नाही, म्हणून केस राहिले. बीसीआर-एबीएललाही एचएसपी-९० चा आधार लागतो. म्हणून गोळीला दाद न देणाऱ्या पेशींसाठी संशोधक त्याही बाजूने प्रयत्न करत आले आहेत.

हे सगळं मी काकांना चहा पिता पिता सांगितलं. कोंबडी, सार्क, पाठराखीण, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की त्या माणसाला हे कळलं होतं का, की आपल्या कोंबडीमुळे पुढे लोक जगतील? मी म्हटलं, नाही. सार्कचं प्रोटीन सापडायच्या आधीच ते गेले. काका थोडा वेळ गप्प बसले. मग गोळी घेतली.

राऊस आयुष्यात एका मोठ्या गोष्टीत बरोबर होते आणि एका मोठ्या गोष्टीत चुकले. पण त्यांनी केलेला प्रयोग प्रामाणिक होता, आणि त्यामुळे त्यांची चूकसुद्धा त्याच प्रयोगातून दुरुस्त झाली. आपल्याला कुणी ऐकत नाही असं वाटेल तेव्हा मी त्यांची पहिली गोष्ट आठवतो. आणि मला सगळं कळतं असं वाटायला लागलं, की दुसरी.

एक महत्त्वाचं : हा लेख माहितीसाठी आहे. घरात कुणाची अशी गोळी चालू असेल तर ती बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, भले बरं वाटत असलं तरी. लेख आवडला तर घरातल्या प्रश्न विचारणाऱ्या काका-मावशीला नक्की पाठवा. भेटू पुढच्या लेखात!